सहाशे अंशांचा ठिपका

सुमन कांबळे मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नांदेडच्या आमच्या कॉलेजात फर्नेसचं, म्हणजे विजेच्या भट्टीचं, दार उघडून उभा होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता. दार लावून स्टुलावर बसलो आणि, खरं सांगतो, रडू येण्याआधी हसूच आलं. या बाईंनी मला एकदा कसं रंगेहाथ पकडलं होतं, ते आठवलं... त्या फोनला आता महिना झाला.

मी लोह्याचा. पीएच.डी.साठी लातूरला मॅडमकडे गेलो. विषय होता झिंक ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी. तिचे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत, पण तापवले की एकमेकांत मिसळून वाढत जातात. किती तापवल्यावर किती वाढतात, एवढंच मला मोजायचं होतं. चारशे ते आठशे अंश, पाच नमुने. मात्र फर्नेसमध्ये ठेवण्याआधी, बनवताना भुकटीत राहिलेलं मीठ डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन काढावं लागतं. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं की मीठ उरलंय, पुन्हा धुवा. बारा-बारा वेळा धुवावं लागे. आणि ते साल असं, की लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. मॅडम घरच्या वाट्यातली एक कळशी स्कूटरवर पायाशी ठेवून प्रयोगशाळेत आणायच्या; तेच पाणी आम्ही डिस्टिल करून वापरायचो. "काटकसर आंघोळीत कर, ज्ञानोबा. धुण्यात नको," असं वर बजावायच्या.

सहाशे अंशांच्या नमुन्याचं क्रुसिबल, म्हणजे भुकटी तापवायची वाटी, फुटलं. नवी भुकटी केली, पण कळशीच्या तळाला गेलेलं पाणी बघून मन खाऊ लागलं. पाच वेळा धुतलं आणि थांबलो. थेंबानं पाणी दुधाळ झालेलं दिसलं होतं. मी तिकडं काणाडोळा केला. क्ष-किरण तपासणीचा निकाल आला, तर सहाशेचे स्फटिक आठशेच्या स्फटिकांपेक्षाही मोठे! प्रबंध द्यायला महिना उरलेला. मी तो ठिपका आलेखातून सरळ उडवला आणि उरलेल्या चार ठिपक्यांची देखणी रेघ मॅडमपुढं ठेवली.

"सहाशे कुठं गेलं?"

"फर्नेस बिघडलं होतं, मॅडम."

"फर्नेस न्हाई बिघडलं. किती वेळा धुतलं?"

"...पाच."

वाटलं, सगळं संपलं. चार वर्षं पाण्यात गेली, आता लोह्याला जाऊन बापाला काय सांगू? माझे डोळे भरून आले. मॅडम मात्र खुर्चीतून ताडकन उठल्या. त्यांचा चेहरा चक्क खुलला होता.

"रडून का राहिलास? मीठ आत बसून काय करून राहिलंय, ते शोध की! एकच भुकटी कर. अर्धी बारा वेळा धू, अर्धी पाच वेळा. एकाच फर्नेसमधी शेजारी-शेजारी ठेव. आन् तू लपवलं व्हतं, हेबी प्रबंधात लिही."

मुदतवाढ त्यांनीच मागून आणली. शेजारी-शेजारी तापलेल्या त्या दोन नमुन्यांत कमी धुतलेल्याचे स्फटिक कितीतरी मोठे निघाले. उरलेलं मीठ त्यांच्या वाढीला हातभार लावत होतं! व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आलेले बाहेरचे परीक्षक भलतेच करडे. त्यांनी आधीची प्रकरणं बाजूला सारून नेमकं सहाशे अंशांचंच प्रकरण उघडलं आणि विचारलं, "स्वतःची लबाडी छापलीत?" मी "हो" म्हणालो. ते म्हणाले, "या प्रबंधातलं सगळ्यात भरवशाचं पान हे आहे." मागच्या रांगेत बसलेल्या मॅडमनी भर सभागृहात टाळी वाजवली. एकट्यांनीच! मग सगळ्यांनी वाजवली. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

शोकसभेसाठी लातूरला गेलो, तेव्हा त्यांची प्रयोगशाळा उघडून घेतली. कपाटाच्या तळच्या खणात, सगळ्यात मागं, भुकटीची एक जुनी बाटली सापडली. मॅडमच्या स्वतःच्या पीएच.डी.ची, लातूर नुकताच जिल्हा झाला होता त्या वेळची. तेव्हाही पाण्याची ओरडच होती. बाटलीवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर त्यांचं अक्षर होतं: 'सहा वेळाच धुतलं. आलेखातून काढलं. कुणाला सांगितलं नाही.'

खाली, त्यामानानं ताज्या शाईत, आणखी एक ओळ होती: 'ज्ञानोबानं सांगितलं.'

बाटली छातीशी धरली आणि मोठ्यानं म्हणालो, "मॅडम, आपण जिंकलो!" बाहेरून शिपाई डोकावून गेला.