मिठागरातला गुलाबी जीव

एम.एस्सी.ला असताना प्रोजेक्टसाठी मला काही सुचत नव्हतं, तेव्हा मॅडमनी त्यांच्या स्कूटरवर बसवून मला उलव्याकडे नेलं. तिथे तेव्हा टॉवर नव्हते, मिठागरं होती. मे महिन्याच्या उन्हात एका मिठागरातलं पाणी चक्क गुलाबी झालं होतं. तो रंग खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो, हे मी पुस्तकात वाचलेलं. पाहत पहिल्यांदाच होते.

मिठागर ज्यांचं होतं त्या काकू काष्टा खोचून बांधावर उभ्या होत्या.

"बाटलीत पानी कशाला नेता?"

"यात जीव आहेत काकू. ते वाढवून बघायचेत."

"मिठात कोन जगतंय?" त्या मनापासून हसल्या आणि तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी खाऊ घातल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये, जीव वाढवायच्या झाकणाच्या प्लेटवर कितीतरी दिवस काहीच उगवलं नाही. मग एका सकाळी मसुराच्या दाण्याएवढे केशरी ठिपके दिसले. मी ओरडलेच. मॅडम हातातला डबा तसाच टाकून धावत आल्या. तेवढा निर्मळ आनंद मला पुढे कुठल्याही नोकरीत मिळाला नाही.

त्या जिवात एक गुण निघाला. कारखान्याच्या खारट सांडपाण्यात इतर जिवाणू मरतात, हा मात्र तिथली घाण खाऊन वाढायचा. मॅडमनी एका परिषदेत हे मांडलं आणि एका कंपनीचा माणूस भेटायला आला. त्यांना हा जीव फक्त स्वतःकडे हवा होता, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. मलाही तिथे काम मिळेल, असं तो जाता जाता म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "आधी काकूंना विचारू."

मी चिडले. "पाणी त्यांचं असेल, जीव आपण शोधला. आणि आपल्याच खाडीत कारखान्यांची किती घाण येते ते बघा ना! कुणीही वापरला तरी फायदाच आहे."

"असेल. तरी विचारू."

आम्ही गेलो तेव्हा मिठागर नव्हतं. विमानतळाच्या कामासाठी भराव पडला होता आणि डंपरच्या धुळीत रस्ताही ओळखू येत नव्हता. काकू जवळच नव्या इमारतीत राहायला गेल्या होत्या. मॅडमनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. काकूंनी एवढंच विचारलं, "म्हंजे आमच्या आगरातला अजून जिता हाय?"

दुसऱ्याच दिवशी त्या लॅबमध्ये आल्या. मी मायक्रोस्कोप लावून दिला, पण त्यांचं लक्ष उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या त्या केशरी प्लेटवरच होतं. त्यांनी झाकणावर हात ठेवला. मग एकदम रागावल्यासारख्या म्हणाल्या, "आमचा सगला इकून झाला. आता ह्यो पन इकाचा?"

"खाडी साफ करायला उपयोगी पडेल कदाचित," मी म्हटलं.

"मंग मागंल त्याला द्या. एकाला नको."

मॅडमनी तेच कंपनीला कळवलं. कंपनी मागे हटली, मला मिळणार होती ती नोकरीही गेली. दोन-तीन कॉलेजांनी तो जीव नेला. एका ठिकाणी टाकीत त्याने चांगलं काम केलं, पण मोठ्या प्रमाणावर प्रयोग करायला कुणाकडे साधनं नव्हती. कंपनीकडे होती. खाडी अजून तशीच आहे. काकूंच्या मनाला लागलं म्हणून एवढा मोठा निर्णय घ्यावा का, यावर मॅडम निवृत्त होईपर्यंत आम्ही वाद घालत राहिलो. मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

आता त्याच कॉलेजात मी शिकवते. तो जीव नव्या प्लेटवर वाढवत राहायचं काम माझ्याकडे आहे. काकू हल्ली फारशा बाहेर पडत नाहीत, म्हणून मीच फोनवर फोटो पाठवते. परवा त्यांचा लगेच फोन आला. "या टायमाला रंग जरा फिका वाटते गो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, थंडी आहे काकू, उन्हाळ्यात येईल. मग गुलाबी पाण्यात दिवसभर उभं राहिल्यावर पाय कसे चुरचुरायचे, ते त्या सांगत बसल्या आणि मी पुढचा तास सुरू व्हायची वेळ झाली तरी ऐकत राहिले.