डबीत तुरीची डाळ

स्वप्नाली मॅडमनी डबीचं झाकण फिरवलं आणि आत तुरीची डाळ निघाली. काठोकाठ. डबी आमचीच होती, पांढरी, कंपनीचं लेबल आणि नंबर असलेली. दोन आठवड्यांपूर्वी दिली तेव्हा तिच्यात गोळ्या होत्या.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी कपाटाकडं पाहिलं.

मी लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात रिसर्चच्या खोलीत मावशी म्हणून काम करते. खोली पुसायची, ओपीडीतून पेशंट आणून बसवायचे, आणि औषधाच्या कपाटाचं टेम्परेचर सकाळ-संध्याकाळ रजिस्टरमध्ये लिहायचं. चौथी शिकलेय, तेवढ्याला पुरतं. ह्या खोलीत ट्रायल चालतात. नवीन औषध दुकानात येण्याआधी काही माणसांना त्यांच्या मर्जीनं देऊन बघतात. गुण येतो का, त्रास होतो का. मॅडम ट्रायलच्या कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळे कागद त्यांच्याकडं.

डबी आणली होती गिरिजाबाईंनी. चाकूरकडच्या एका खेड्यातल्या. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. भाकरी थापता येत नव्हती, पोलक्याची बटणं सून लावून द्यायची, आणि ते त्यांना फार लागायचं. नेहमीची औषधं करून झाली होती. त्यांचा भाचा नायगावला शिक्षक आहे. कुठल्या आजाराची ट्रायल कुठल्या गावात चालू आहे, याची सरकारी यादी मोबाईलवर बघता येते. त्यानं ती धुंडाळली, लातूर दिसलं तसा फोन केला. मग रक्त झालं, एक्स-रे झाला, तेवीस पानांचा कागद वाचून दाखवून झाला, कॅमेऱ्यासमोर होकार झाला. आत यायला एकच पायरी उरली होती. तिला रन-इन म्हणतात.

चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घ्यायची. त्या गोळीत औषध असेल किंवा नसेल, हे आधीच सांगतात. बघायचं एवढंच, की माणूस नेमानं घेतो का. डबीत चाळीस गोळ्या, लागतात अठ्ठावीस. उरलेल्या बारा परत आणायच्या, आम्ही मोजायच्या. हिशेब फार चुकला तर पेशंट बाद. पुन्हा संधी नाही.

नेमका त्याच दिवशी मॉनिटर आला होता. मॉनिटर म्हणजे कंपनीचा माणूस, आमचे कागद तपासायला हैदराबादहून येतो. त्यानं डबीत डोकावून विचारलं, "मॅडम, ये तूर है ना?"

मॅडमनी हातमोजे घातले आणि डाळ ट्रेमध्ये ओतली. दोघांनी मिळून निवडली. एक खडा निघाला. गोळी एकही नाही.

मॉनिटरनं कॅल्क्युलेटर काढला. चाळीसच्या चाळीस संपल्या म्हणजे बारा जास्त घेतल्या, पेशंट आउट. ट्रायलचे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, त्यांना बोलावलं. जास्त गोळ्या पोटात गेल्या म्हणून सरांनी लिव्हरची तपासणी लिहिली. मग मोठा प्रश्न निघाला, की डाळ लिहायची कुठं. फॉर्मवर तीनच रकाने आहेत. दिल्या, परत आल्या, हरवल्या. मॅडम म्हणाल्या, टाकून देऊ. मॉनिटर म्हणाला, नाही. कंपनीच्या डबीतून जे परत आलं ते कंपनीचं, पत्र आल्याशिवाय टाकता येणार नाही. मग मोजायची का? थोडा विचार करून तो म्हणाला, वजन केलं तरी चालेल. लॅबमधून काटा आणला.

ह्या सगळ्यात गिरिजाबाई बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. सर मला म्हणाले, मावशी, त्यांना पाणी द्या.

डाळ का भरली हे मला झाकण उघडलं तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. पण आत तिघं शिकलेली माणसं इंग्रजीत बोलत होती. मी तांब्या उचलला आणि बाहेर आले. पाणी दिलं आणि बाकावरच विचारलं, उरलेल्या गोळ्या कुठं आहेत?

"हायत की. देवळीत ठेवल्यात, कागदात बांधून. बारा हायत."

"मग डबीत का नाही आणल्या?"

"दाळीत औषध कालवू का माय? तुमी शिजवून खाणार. कुणाला कमीजास्त झालं म्हंजे?" मग हळूच म्हणाल्या, "घरची दाळ हाय. रिकामी डबी कशी द्यावी."

आता हे आत जाऊन सांगायचं होतं. मी दारात दोनदा उभी राहिले आणि दोनदा मागं फिरले. तिसऱ्यांदा मॅडमच्या कानात सांगितलं. मॅडमनी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ट्रे पुसायला घेतला.

मॉनिटर म्हणाला, आज पाचच्या आत गोळ्या समोर आल्या तर मोजेन. गिरिजाबाईंच्या मालकांना फोन लावला. ते एसटीनं चारला पोचले. पुडी दिली. गोळीवरचं अक्षर जुळलं. मॉनिटरनं तीनदा मोजल्या. बरोबर बारा. इतका तंतोतंत हिशेब आमच्या खोलीत कुणाचा आला नव्हता, शिकलेल्यांचाही नाही.

मालकांचं लक्ष काट्याकडं गेलं. डाळ अजून त्यावरच होती. त्यांचा चेहरा उतरला.

"कमी भरली का? सांगायचं व्हतं, आजून आणली असती."

गिरिजाबाई ट्रायलमध्ये आल्या. डाळ पिशवीत सीलबंद झाली, तिला नंबर मिळाला, आणि कपाटात खालच्या फळीवर ठेवली. चार महिने मी तिचंही टेम्परेचर लिहिलं. पत्र आलं तोवर किडे झाले होते. मॉनिटरनं विचारलं, किडे इथं झाले की पेशंटसोबत आले? हेही फॉर्ममध्ये आहे.

पेशंटच्या कागदाला आता चोविसावं पान आहे. ट्रायल नीट चालते का हे बघायला एक कमिटी असते. तिच्या मंजुरीनं त्यावर एकच ओळ छापली, की डबी परत देताना तिच्यात दुसरं काही भरू नये.

पुढच्या वेळी गिरिजाबाईंनी नुसत्या गोळ्या आणल्या. झाकण त्यांनी स्वतः उघडलं, त्याच वाकड्या बोटांनी. बोटांना गुण आला तो खऱ्या औषधानं की आणखी कशानं, ते ट्रायल संपल्यावरच कळेल. डाळ आणली नाही म्हणून सरांना म्हणाल्या, "राग मानू नका साहेब, तुमच्याच कागदात तसं लिव्हलंय."

मी एवढंच शिकले. पेशंटचं काही कळेनासं झालं, तर काटा आणण्याआधी बाकावर जाऊन त्यालाच विचारावं. विचारायला फॉर्म लागत नाही.