सावंतकाकूंचे दोन फूट

आमच्या बांधकाम-परवानग्यांच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. फायलींना निदान वाळवी लागते, किस्स्यांना तीही नाही! एकट्या मुलुंडच्या सावंतांच्या फाइलने मला इतके पुरवलेत, की बायको म्हणते, "सावंतांना आता मानधन दे रे!"

मामला एवढुसा. सावंतांचं दुमजली घर. संडास-बाथरूम वर आणि काकूंचे गुडघे कायमचे संपावर. दिवसातून सहा-सात वेळा जिना, दोन्ही हातांनी कठडा धरून! बघताना माझेच गुडघे दुखले. खाली बाथरूम बांधायचं, तर घर आणि कुंपणाच्या मधे नियमाने सोडलेल्या पाच फुटांतले दोन फूट जाणार. तेवढी सूट द्यावी की नाही, ते जागेवर जाऊन बघायचं काम माझं. सोबत टेपचं दुसरं टोक धरायला गावडे.

*

आम्ही पोचलो तर काकूंनी रांगोळीने अख्खं बाथरूम जमिनीवर काढून ठेवलेलं! भिंती, दार, नळ, सगळं. आत एक प्लास्टिकचं स्टूल. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गावडे टेप घेऊन सरळ पुढे निघाला. काकू ओरडल्या, "अवो, भिंतीतसून खंय चललात? दार हंयसर आसा!"

गावडे मागे फिरला आणि गपचूप दारातून आत गेला. वर चप्पलही काढली!

*

मग काकूंनी घावणे वाढले. खाऊन झाल्यावर मोजणी. रांगोळीची भिंत ते कुंपण, तीन फूट चार इंच. मी लिहून मोकळा.

मंजुरीची सही करणाऱ्या आमच्या देसाई मॅडमचा यावर विश्वास बसणार, तर झालंच! दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या, टेप ताणून धरली. बरोब्बर तीन फूट.

"गावडे, वरचे चार इंच कुठून आले?"

"मॅडम, चटणीपण होती ना."

*

शेजारी कर्णिकांची लेखी हरकत होती. 'सदर बांधकामामुळे आमच्या खिडकीचा उजेड व वारा अडेल.' गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, "खिडकी दाखवा."

आतून कर्णिकवहिनींचा आवाज आला, "कुठली खिडकी?"

खिडकीपुढे लोखंडी कपाट! मी, गावडे आणि कर्णिक, तिघांनी मिळून सरकवलं. खिडकी उघडली, झकास वारा आला.

कर्णिक म्हणाले, "बंद करा लवकर, डास येतील!"

हरकत मात्र मागे घेईनात. म्हणे तत्त्वाचा प्रश्न आहे. कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या सावंतकाकांचा चेहरा पडला. मला तर कर्णिकांना त्याच कपाटात कोंडावंसं वाटलं.

*

शेवटी सुनावणी लागली. मॅडम मला आधीच म्हणाल्या होत्या, "वाईट वाटतं रे, पण आज नामंजूर करून टाकते." म्हणजे काकूंना जन्मभर जिना!

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी बंद. काकू खालीच अडकल्या. मॅडमचं एक बरं, त्याच खाली उतरल्या. पण बसायचं कुठे? आमची इमारत आणि कुंपण यांच्या मधे पत्रे टाकून चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यांवर सगळे दाटीवाटीने बसलो. काका-काकू, कर्णिक, मॅडम, आम्ही. शेजारी भडकलेला स्टो. कटिंग आले.

मॅडम शांतपणे समजावायला लागल्या. "काकू, नियम उगाच नसतो हो. उद्या आग लागली, तर माणसाला बाजूने पळायला मोकळी जागा नको का?"

काकूंनी डोक्यावरचे पत्रे बघितले. स्टो बघितला. पाठीला टेकलेलं कुंपण चाचपलं.

"आणि हंय आग लागली, तर मी खंयसून पळतलंय?"

आधी कर्णिकच फिस्सकन हसले. गावडेने सवयीने टेप काढली आणि टपरीच्या खांबाला लावली.

"गावडे, टेप खिशात!" मॅडमनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि माझ्याकडे वळल्या. "वर जा. सावंतांची फाइल आण. आणि पेन."