डब्यातला लाल उजेड

बहिणीच्या गिटार पेडलमध्ये आज मी एक खटका बसवला. पेडल म्हणजे पायाने चालू करायचा पत्र्याचा छोटा डबा. गिटारचा स्वच्छ आवाज त्यात शिरतो आणि खरखरीत होऊन बाहेर पडतो. ही खरखर डायोड नावाच्या आतल्या इवल्या भागांची करणी. आवाजाची लाट फार उसळली की ते तिचा माथा छाटतात. माझा खटका वर केला की साधे डायोड, खाली केला की दोन लाल एलईडी, म्हणजे उजेड देणारे डायोड, आणि मध्ये ठेवला तर काहीच नाही.

झाकण उघडं ठेवूनच मी तिला वाजवायला सांगितलं. तिने तारा हलक्या छेडल्या तेव्हा एलईडी विझलेलेच राहिले. जोरात हात मारला, तसे दोन्ही लखलखले. आवाज जिथे अडत होता, तिथेच उजेड पडत होता.

मग तिने खटका मध्ये आणला. आवाज मोठा झाला, पण सपाट.

"इथे काय झालं?"

"इथे त्याला कोणी अडवत नाही."

"म्हणूनच मजा नाही," म्हणत तिने खटका पुन्हा खाली केला.

मला आई आठवली. आई रागावली की बोलता बोलता एका जागी थांबायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "चला, पानं घेते." राग तिथे अडायचा आणि माया नेमकी तिथेच दिसायची.

मी झाकण लावून स्क्रू आवळले. उद्या तिच्या कार्यक्रमात तो उजेड कोणालाही दिसणार नाही. मला मात्र मागच्या रांगेत बसूनही, नुसत्या आवाजावरून कळेल, आत दिवे कधी लागले ते.