शिट्टी वाजल्यानंतर

"तू उतर. तुमच्या लोकांना सवय असते," सर म्हणाले.

खाली खडकाच्या कपारीत शाळेच्या विश्वस्तांच्या मुलीची हातोडी पडली होती. पाणी वर येत होतं. मी आठवीत होते. समुद्र आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलेला.

मेहकरच्या आमच्या इंग्रजी शाळेने मुलांना सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधायला नेलं होतं. ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यांत दगड झालेले शिंपले सापडतात. तिथल्या गाईडकाकांनी सकाळीच बजावलं होतं, भरती सुरू झाली की शिट्टी वाजवीन. हातातलं टाका, वर या. परत खाली कोणीही जायचं नाही. शिट्टी वाजून गेली होती. काका पुढच्या मुलांना घेऊन वर निघून गेले होते.

कसली सवय, हे मी विचारलं नाही. वर्गात मी 'आरटीईवाली', मोफत जागेवरची. घर जानेफळच्या बौद्धवाड्यात. बाबा कृषी केंद्रात पोती उचलायचे. आणि मोफत जागा आठवीपर्यंतच असते. नववीला फी माफ होणार की नाही, ते सरांच्या शिफारशीवर होतं.

म्हणून उतरले.

शेवाळ. पाय सरकला. पाणी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. लाट आली तशी मी खडकाला मिठी मारली. धारदार कडांनी तळहात फाटले. ओरडले नाही. वरचे हसतील, ही भीती बुडण्याच्या भीतीहून मोठी होती.

हातोडी घेऊन वर आले. त्या मुलीपुढे धरली. तिने हात मागे घेतला.

"खाली ठेव," सर म्हणाले.

मी वाळूवर ठेवली. तिने बाटलीतलं पाणी ओतून ती धुतली, मगच उचलली. खारं पाणी लागलं म्हणून धुतली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण खारं पाणी सगळ्यांच्याच हातोड्यांना लागलं होतं.

संध्याकाळी सोबत आलेल्या मॅडमच्या फोनवरून बाबांशी बोलले. हळू आवाजात सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "सरचं आयक, माय. नववीचं त्याइच्याच हातात हाय." त्यांचा आवाज कापत होता. बाबाही घाबरतात, हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली, सगळे वर आले, काका पुढे निघून गेले, आणि त्याच मुलीची टोपी उडून खाली खडकांत पडली. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्याची मला पाण्याहून जास्त भीती वाटली. एका दिवसात ते माझं काम ठरलं होतं.

"जा ना," सर म्हणाले. "नववीत यायचंय ना?"

घरची बोली मी शाळेत कधी तोंडाबाहेर येऊ दिली नव्हती. ती आली.

"मी नाही जात, सर. मले पोहता येत नाही."

मागून कोणीतरी 'मले, मले' करत हसलं. मी वाळूत बसले. सरांनी दंड धरून ओढलं. उठले नाही. टोपी वाहून गेली.

शिफारस झाली नाही. निरोप आला त्या दिवशी बाबांनी एवढंच विचारलं, "पानी कुठलोक होतं?" मी छातीला हात लावून दाखवला. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ते स्वतः मेहकरला गेले आणि माझा दाखला काढून आणला. नववी मी गावच्या शाळेत शिकले.

आता जिल्ह्यातल्या शाळांना त्या किनाऱ्यावर मी घेऊन जाते. पाण्याची भीती गेलेली नाही. पाणी चढू लागलं की तळहात अजून घामेजतात. पण शिट्टी माझ्या गळ्यात आहे. ती वाजल्यावर कुणाचं काहीही खाली राहो, एकही पोर उतरणार नाही. आणि एखाद्या सरांनी कुणा मुलीकडे बोट दाखवून सवयीची गोष्ट काढलीच, तर त्या मुलीच्या आणि पाण्याच्या मध्ये मी उभी असेन. ज्यांना ती वस्तू हवी, त्यांनी स्वतः बूट काढावेत.