माझ्या बाईचा जर्मन आवाज

साताऱ्याहून निघालो तेव्हा ईरा तीन वर्षांची होती आणि तिची टकळी अखंड चालू होती. बॅगा टॅक्सीत चढत होत्या, आई दारात उभी होती आणि ही आजीला बजावत होती, की विमानात माझ्या बाहुलीलाही खिडकीच हवी, नाहीतर तिला ओकारी होईल. आई हसताहसता डोळे पुसत होती. मला म्हणाली, "ही बोलकी आहे, तू घुमी. तिकडे हिच्याकडून शीक जरा."

शिकले. नको इतकं शिकले. "ईराची मराठी जर्मन शाळेनं घालवली" हे वाक्य मी साताऱ्यातल्या सगळ्या नातेवाइकांना आणि कोलोनच्या गणपतीत भेटणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना ऐकवलंय. तुमच्यापैकी काहींनी मान डोलावली, काहींनी "आमच्याकडेही तेच" म्हटलं. तुमच्याकडचं मला माहीत नाही. आमच्याकडे ते खोटं होतं.

माझा नवरा सुहास तेव्हा जर्मनीत त्सुफेनहाउझेन नावाच्या उपनगरात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो कामावर गेला की घरात मी, ईरा आणि टीव्ही. अमेरिकन मालिका इथं जर्मनमध्येच लागतात. त्यातल्या एका विनोदी मालिकेत मला ती पहिल्यांदा दिसली. भारतीय वंशाची अमेरिकन नटी, दुकानदारणीच्या भूमिकेत, एका भागात जेमतेम दोन वाक्यं. पण गिऱ्हाईक गेल्यावर तिनं जे डोळे फिरवले, ते थेट आमच्या साताऱ्यातल्या राजपथावरच्या किराणावाल्या काकूंसारखे! मी एकटीच सोफ्यावर टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती माझी बाई. तिचं नाव लिहीत नाही, माझ्या करारात बसत नाही.

पुढं सुहासनं नोकरी बदलली आणि आम्ही कोलोनला आलो. जर्मनच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी एका डबिंग स्टुडिओत कामाला होती. ती म्हणाली, त्या दुकानदारणीची भूमिका आता वाढलीय, आणि आधी तिला आवाज देणारी जर्मन नटी भारतीय उच्चारांचं जे सोंग आणते ते कुणाला आवडेनासं झालंय. खऱ्या उच्चारांची बाई हवीय. मी साताऱ्यात रेडिओवर थोडी निवेदनं केली होती. घाबरत गेले, माइकसमोर उभी राहिले, आणि काम मिळालं! घुमी म्हणून प्रसिद्ध असलेली मी दुसरीच्या तोंडानं बोलायला मिळाल्यावर थांबेना.

इथं एक रीत आहे. परदेशी नटीला एकदा एक जर्मन आवाज लागला की तोच कायम. बदलला तर प्रेक्षक तक्रारी करतात. म्हणजे लग्नच म्हणा, फक्त तिला त्याचा पत्ता नाही. तिचं नशीब ते माझं नशीब झालं. तिच्या मुलाखती मी शोधशोधून वाचल्या. आईवडिलांचं औषधांचं दुकान, अर्धी सोडलेली डॉक्टरकी, हॉटेलात टेबलं पुसण्याची वर्षं, मग मालिकांमध्ये नर्स: "डॉक्टर, लवकर या!" एवढं म्हणायचं आणि दाराबाहेर. तिला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचले आणि शिरा केला. खोटं बोलण्याआधी ती नाकानं श्वास घेते, हे तिच्या नवऱ्याला माहीत असेल-नसेल, मला माहीत आहे. तिचे ओठ मिटले की माझ्या वाक्यातही तिथंच प, ब किंवा म यायला हवा. ते जमलं की अंगावर काटा येतो, अजूनही.

आणि मग तिला नवी मालिका मिळाली. मुख्य भूमिका! न्यायाधीश. अमेरिकेतच जन्मलेली, कडक, देखणी. मी उड्या मारत स्टुडिओत गेले. आमच्या दिग्दर्शिका, फ्राऊ क्लाइन, चष्मा काढून म्हणाल्या, "आवाज तुझाच हवा. उच्चार नको. या न्यायाधीशबाई परक्या वाटून चालणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर चाचणी घेऊ. नाही जमलं तर दुसरी."

दुसरी? माझ्या बाईला दुसरी?

ईरा तेव्हा दुसरीत होती. तिचं जर्मन लखलखीत. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, आजपासून घरात मराठी बंद, तू माझी टीचर. तिला केवढी मजा! मी घशातला 'र' काढायची, ती डोकं हलवायची, "नोखमाल, मामा." पुन्हा, आई. जमलं की "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, आणि मला एक स्टिकर. कधी विसरून ती मराठीत भूक लागली म्हणायची, तर मी तिला थांबवून तेच जर्मनमध्ये म्हणायला लावायची. सुहास एकदा म्हणाला, "अगं, जेवताना तरी सोड." मी नाही सोडलं.

चाचणी पास झाले. ती मालिका अजून चालू आहे, आणि रस्त्यात मी तोंड उघडलं की अनोळखी लोक चमकून बघतात. त्या आनंदात मी घरात मराठी पुन्हा सुरू करायची विसरले. विसरले हेही खरं नाही. मालिकेचा पुढचा हंगाम, पुढची भीती. मग एक दिवस आईच्या फोनवर ईरा नुसती "हो", "नाही" म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन गेली. आईनं विचारलं, "काय झालं गं पोरीला?" मी म्हणाले, शाळा. आई म्हणाली, "मेली कसली ती शाळा!"

या उन्हाळ्यात आई कोलोनला आली. ईरा डार्मश्टाटला इंजिनिअरिंग शिकते, तीही सुट्टीला घरी आली. मी दोघींना हौसेनं स्टुडिओ दाखवायला नेलं. आईनं काचेमागून मला न्यायाधीश होताना पाहिलं. मी बाहेर आले तर ईरा आजीला अभिमानानं, अडखळत सांगत होती, "आजी, मी टीचर होती. आई बोलली, घरात मराठी बंद, फक्त डॉईच. माझ्यामुळे आई जज झाली!"

आईनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे त्या शाळेला मी इतकी वर्षं उगाच शिव्या घातल्या?"

"हो."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"वाटायलाच हवी."

ट्रॅममध्ये ती ईराशेजारी बसली. नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची, तेही सुहासमार्फत: "जावईबापू, तिला म्हणावं चहात साखर कमी." मला वाटलं, हे असंच राहणार आणि ती तशीच परत जाणार.

रविवारी दुपारी टीव्हीवर माझीच मालिका लागली. आई म्हणाली, "ईरा, बंद कर तो आवाज. तुझ्या आईला पुष्कळ ऐकलं. मी जज, तू तो चोर. चल, बोल."

पडद्यावर मुकं कोर्ट. ईरानं चाचरत सुरुवात केली, "बाई, मी... मी काही नाही केलं."

"खोटं! चेहरा बघ चोराचा. आणि अहो वकील, तुम्ही हातवारे कमी करा, माशा हाकलताय का?"

ईरा हसून सोफ्यावरून घसरली. उठून पुन्हा बसली, शब्द शोधत, आजीला विचारत, जर्मन घुसवत, बोलत सुटली. पोरीच्या तोंडून मराठीची एवढी वाक्यं एका दमात मी किती वर्षांनी ऐकत होते! मला राहवेना. दारातूनच विचारलं, "मी कोण होऊ?"

आईनं वळूनही बघितलं नाही. "ती मागं बसून टाइप करतेय ना, ती हो. तिला बोलणं नाहीये."

मी जाऊन बसले, मांडीवर उशी घेऊन. परत कधी येणार, घरी कधी येणार, असं तुम्ही विचारता. साताऱ्याचं अर्धं घर आईनं भाड्यानं दिलंय, कोलोनचं आमचं भाड्याचं. त्या दुपारी मला घर म्हणून तो सोफा पुरला. त्यावर मला शिक्षा होत होती, आणि ती संपू नये असं वाटत होतं.

पडद्यावर माझ्या बाईनं हातोडा उचलला, तोंड उघडलं, आणि साताऱ्याच्या आवाजात निकाल दिला: "सोडते तुला. पण आजीला रोज फोन करायचा."

"रोज? आजी, माझी परीक्षा..."

"कोर्टात उलट बोलायचं नाही."

मी उशीवर बोटं चालवत सगळं टाइप करून घेतलं.