घरचा पोरगा

आमच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर, बॅरुअलीच्या धक्क्यावर कॉनरिक बॅलंटाइनचं नाव काढलं की आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, माणूस सोन्यासारखा, फक्त राग नाकावर. दुसरा म्हणतो, सोनं कुठं दिसलं तुम्हाला, आम्हाला नाकच दिसतं.

हा राग घराण्यातला नव्हता. बाप देवमाशांच्या होडीवर भाला फेकायचा. दिवसभर उन्हात पाण्याकडे बघत बसायचं आणि वेळ आली की एकदाच हात उचलायचा, असा धंदा. तो घरी आला तरी निम्मा समुद्रातच असायचा. बापाचा खांदा कॉनरिककडे आला, शांतपणा मात्र थोरल्या बहिणीकडे, व्हर्लिनकडे गेला. कॉनरिक किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत चेंडू टाकायला लागला, की बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळणारी म्हातारी मंडळी सोंगट्या खाली ठेवून बघत बसायची. चेंडू दिसत नसे, त्याचा आवाज तेवढा यायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो सेंट व्हिन्सेंटकडून खेळला आणि लगेच लहान बेटांच्या संयुक्त संघात गेला. त्या काळी लहान बेटांना कुणी खिजगणतीत धरत नसे. कसोट्या व्हायच्या त्या मोठ्या बेटांवर, निवडणारे तिथले आणि निवडले जाणारेही तिथले. आमच्याकडचा पोरगा म्हणजे त्यांच्या लेखी केळी वाहणाऱ्या बोटीतून चुकून उतरलेला. कॉनरिकला हे माहीत होतं, म्हणून तो दुप्पट वेगाने टाकायचा. एका हंगामात त्याने सगळ्यात मोठ्या बेटाची फलंदाजी त्यांच्याच मैदानावर दोन्ही डावांत मोडून काढली. त्यांचा एक सलामीवीर तर यष्टी उडाल्यावर पंचाकडे न बघताच चालू लागला.

मग रेडिओवर नाव आलं. कसोटीच्या चमूत बॅलंटाइन. बॅरुअलीत चर्चची घंटा वाजली, तीही मंगळवारी. आईने नीरफणस भाजून अख्ख्या आळीला वाटले. व्हर्लिनने त्याचे पांढरे कपडे इतके घासून धुतले की तिच्या बोटांची सालं निघाली. गावातून विमानात बसणारा तो पहिला नव्हता, पण त्याला निरोप द्यायला अख्खं गाव विमानतळावर गेलं होतं.

सरावात त्याने कर्णधाराची बॅट दोनदा मोडली. आदल्या दिवशी यष्टिरक्षक त्याला म्हणाला की उद्या मी जरा मागे उभा राहीन. एवढ्यावरून कॉनरिक समजला की आपण खेळतोय. सकाळी बूट बांधत असताना निवड समितीतल्या एका गृहस्थांनी त्याला बाहेर बोळात बोलावलं. गोरापान चेहरा, पनामा टोपी, बोलणं मधासारखं. ते म्हणाले, "हे बघ बेटा, इथली माणसं आपला माणूस बघायला आलीत. घरचा पोरगा खेळला नाही तर बाटल्या फेकतील. तू तरुण आहेस, तुझी वेळ येईल."

घरच्या पोरग्याचा गुडघा सुजलेला होता. हे कॉनरिकला माहीत होतं, त्या गृहस्थांनाही माहीत होतं.

कॉनरिक म्हणाला, "माझ्या बेटावर कसोटी होत नाही, साहेब. म्हणजे माझ्यासाठी बाटली फेकणारं कधीच कुणी नसणार. मग माझी वेळ येणार कशी?"

गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर थोपटायला हात उचलला. कॉनरिकने तो हात मनगटापाशी धरला, खाली केला आणि आत निघून गेला. बस, एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. पुढचे पाच दिवस त्याने पाणी वाहिलं, टॉवेल वाहिले. घरच्या पोरग्याला एक बळी मिळाला, तोही सीमारेषेवरच्या झेलाने. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

त्यानंतर बॅलंटाइनचं नाव पुन्हा आलं नाही. दोन हंगाम त्याने ढिगाने बळी घेतले, पण त्याच्या नावापुढे 'तापट' हा शब्द चिकटला होता आणि तो सुटेना. मनगट धरल्याची गोष्ट बेटाबेटांवर फिरताना वाढत गेली. शेवटी ती बॅरुअलीला परत आली तेव्हा त्याने म्हणे त्या साहेबांना भिंतीवर आपटलं होतं. गावातली पोरं त्याच्यावर खूश झाली. त्याला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, आपटलंच असतं तर बरं झालं असतं.

मग इंग्लंड. लँकेशायरमधल्या एका गिरणीगावाने त्याला व्यावसायिक म्हणून घेतलं. आठवडाभर पोरांना शिकवायचं, मैदानावर रोलर फिरवायचा आणि शनिवारी सामना जिंकून द्यायचा. समोर कसाई, कारकून, शाळामास्तर असायचे, आणि कॉनरिक त्यांना कसोटीतल्या फलंदाजांसारखं टाकायचा. प्रेक्षकांतल्या बायका ओरडायच्या, "अरे, आमच्या माणसाला सोमवारी कामावर जायचंय." तो कमी करत नसे. त्याला प्रत्येक यष्टीमागे पनामा टोपी दिसायची. थंडीत पाठ आखडायची, घरमालकीण गरम विटा फडक्यात गुंडाळून द्यायची. नऊ उन्हाळे असे गेले. नवव्या उन्हाळ्यात धावताना पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तो तिथेच गवतावर आडवा पडला. सामना संपल्यावर क्लबने हार-तुरे दिले आणि पुढच्या वर्षासाठी एका ऑस्ट्रेलियनाला बोलावलं.

तो परतला तोवर आई गेली होती. व्हर्लिन त्याच घरात होती, नवरा ट्रिनिदादला जाऊन तिकडचाच झालेला, पदरी एकुलता मुलगा केल्रॉन. कॉनरिकने दोन घरं सोडून बिऱ्हाड केलं आणि त्या पोराच्या हातात चेंडू दिला. मनगट कसं ठेवायचं, शेवटची पावलं कशी टाकायची, सगळं शिकवलं. पोरगं गुणी निघालं. मामासारखा वेग नव्हता, पण चेंडू दोन्हीकडे वळवायचं. व्हर्लिन पुन्हा पांढरे कपडे धुवायला लागली.

अशात कॉनरिकला विंडवर्ड, म्हणजे आपल्याकडच्या लहान बेटांच्या निवड समितीवर घेतलं. कुणीतरी म्हणालं होतं, याच्या तोंडाची सगळ्यांना भीती आहे, तेव्हा तो आतच असलेला बरा. पहिल्याच वर्षी सामना आला आर्नोस व्हेलला, म्हणजे आपल्याच बेटावर. वेगवान गोलंदाजाची एक जागा उरली होती आणि दोन नावं होती. एक केल्रॉन. दुसरा कॅरियाकूचा लिंडन एनो, होड्या बांधणाऱ्याचा मुलगा. कॅरियाकू हे ग्रेनेडाच्याही शेपटाला लटकलेलं बेट. आपण लहान, तर ते आपल्यापेक्षा लहान. चाचणीत एनोने केल्रॉनपेक्षा चांगलं टाकलं. थोडंसंच चांगलं, पण चांगलं.

बैठकीला अध्यक्ष होते सेंट लुशियाचे ओगिस्त मास्तर, भला माणूस. त्यांनी हसत हसत म्हटलं, "यात काय ठरवायचंय? सामना तुमच्याकडे, मैदान भरायला हवं. घरचा पोरगा घेऊन टाकू. तुमच्या भाच्याला कुणी नाही म्हणणार नाही, बॅलंटाइन."

कॉनरिकने टेबलावर असा हात मारला की चहाच्या कपबश्या उडाल्या. तो काय काय बोलला ते दाराबाहेरच्या शिपायानेही ऐकलं आणि पुढे गावभर सांगितलं. पण त्याला संताप कशाचा आला होता ते शिपायाला कुठून कळणार? मास्तरांचं वाक्य कॉनरिकच्या स्वतःच्या डोक्यात सकाळपासून घोळत होतं. दाढी करताना त्याने स्वतःलाच समजावलं होतं, की फरक फार नाही, पोरगं आपलं आहे, लोक खूश होतील. त्याच्या डोक्यातली ती पनामा टोपी मास्तरांच्या तोंडून बोलली, आणि ती त्याला सहन झाली नाही. त्याने एनोचं नाव पुढे रेटलं. बैठक उठली.

संध्याकाळी संघ रेडिओवर जाहीर झाला, त्यात केल्रॉन नव्हता. कॉनरिक घरामागे मासे साफ करत बसला होता. व्हर्लिन तरातरा आली. आयुष्यात आवाज न चढवलेली बाई, पण त्या दिवशी शेजारचे कुत्रे गप्प झाले.

ती म्हणाली, "त्या लोकांनी तुझ्यावर अन्याय केला, तर तू माझ्या पोरावर सूड उगवलास?"

"एनो बरा टाकतो, व्हर्लिन."

"आणि केल्रॉनने कुणासाठी टाकायचं मग? कॅरियाकूवाले येणार आहेत त्याला खांद्यावर घ्यायला?"

"मला हे नको सांगूस. मी हे ऐकलंय."

"ऐकलंयस, म्हणून तर विचारते. एवढं सगळं सोसलंस, आणि तुला एवढंच शिकता आलं?"

ती गेली, आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं. एका आळीत राहून बंद. चर्चमध्ये ती डावीकडे बसायची, तो उजवीकडे.

आता एनोने पाच-सहा बळी घेतले असते तर गोष्ट सोपी झाली असती. तसं झालं नाही. आर्नोस व्हेलला त्याला टप्पाच सापडेना. त्याने चेंडू पायावर टाकले, आखूड टाकले, लोकांच्या शिव्या ऐकून आणखी आखूड टाकले. "बॅलंटाइनसाहेब, तुमच्या होडीवाल्याला बोटीत बसवा," असं कुणीतरी ओरडलं आणि सगळा स्टँड हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी रमची एक बाटली भिरभिरत आली आणि कॉनरिकच्या खुर्चीजवळ फुटली. संघ हरला. कॉनरिक पायऱ्या उतरताना ज्या लोकांनी वाट अडवली त्यांत बॅरुअलीचीच माणसं पुढे होती, त्याच्या नावाने घंटा वाजवणारी. त्याने त्यांना सरळ सुनावलं, "मोठ्या बेटावरचे चोर तरी बरे. त्यांनी माझी जागा खाल्ली, पण मीही त्यांच्यासारखंच खावं असं ते कधी म्हणाले नाहीत."

एनो आणखी दोन हंगाम बरा खेळला, मग ब्रुकलिनला काकाकडे सुतारकामाला गेला. केल्रॉनने बूट खुंटीला लावले आणि प्रवासी जहाजावर नोकरी धरली. कॉनरिकने समिती सोडली, पण सोडताना जे भाषण केलं त्याची वर्षभर चर्चा होत राहिली. राग काही कमी झाला नाही. उलट तो आता पुरेपूर खरा आहे याची त्याला खात्री पटली होती. आपण बरोबर वागलो, आणि त्याचं फळ हे.

चार वर्षांनी केल्रॉन सुटीवर आला. अंगाने भरलेला, तोंडात परदेशी शब्द. तो आधी आईकडे गेला, मग मामाकडे आला. दोघं पायरीवर बसले. कॉनरिक स्वतःच बोलत सुटला. एनो खरंच चांगला होता, चाचणी सगळ्यांनी पाहिली होती, तुझ्या आईला समजत नाही.

केल्रॉनने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, एनो माझ्यापेक्षा चांगला होता हे मला ठाऊक होतं. मी नेटमध्ये त्याच्या शेजारीच होतो ना."

"मग?"

"मला तू सांगितलं नाहीस. तुझ्या हाताखाली इतकी वर्षं टाकलं आणि मी रेडिओवर ऐकलं, पोरांच्या घोळक्यात उभा राहून. तुझ्या त्या टोपीवाल्याने निदान तुला बोळात बोलावून तोंडावर सांगितलं होतं."

कॉनरिकला संघ जाहीर झाला ती संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी, मासे साफ करण्याआधी, त्याच्याकडे तासभर वेळ होता. केल्रॉन दोन घरं सोडून राहत होता. तो गेला नाही, कारण त्याला वाटलं होतं की आपण एवढी मोठी गोष्ट केली, आता सांगायचं काय उरलं? त्याला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली. पण हा संताप फेकायला समोर यष्टी नव्हती.

रविवारी चर्च सुटल्यावर तो व्हर्लिनच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "पोराला सांगायला हवं होतं. माझं चुकलं. निवड चुकली, असं मात्र मी म्हणणार नाही."

व्हर्लिन हात पुसत बाहेर आली. "म्हणूच नकोस. उभा राहा तिथंच."

आणि तिने इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढलं. कपडे, बोटांची सालं, आईच्या मयताला न आलेला भाऊ, ट्रिनिदादचा नवरा, खुंटीवरचे बूट. शेजारीपाजारी गॅलऱ्यांत जमले. आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेला माणूस उन्हात मान खाली घालून ऐकत होता. एकदा तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "मिटव." त्याने मिटलं. शेवटी चुलीवरचं भांडं करपल्याचा वास आला, तशी ती आत पळाली आणि दार लागलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. तिचं बरंच बोलायचं राहिलं होतं.